जिनिंगपासून जंजिऱ्यापर्यंत: विदर्भातल्या गावाने किनाऱ्याचा इतिहास कसा पाहावा

विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांपैकी एकालाही समुद्र लागत नाही. तरी इथल्या प्रत्येक नाल्याचं पाणी कुठल्या ना कुठल्या समुद्राला मिळतंच, आणि इथला कापूस दीडशे वर्षांहून जास्त काळ मुंबई बंदरातून बाहेर जातो आहे. किनाऱ्याचा इतिहास कोकणातल्यांचा, आपण फक्त सहलीला जायचं, असं धरून निघालेला गट किल्ल्यावर फोटो काढतो, मासळी खातो आणि परत येतो. त्याच खर्चात, त्याच चार दिवसांत कितीतरी जास्त हाती लागतं. फक्त तयारी गावातून सुरू करावी लागते.

वाचनालय, बचत गट, भजनी मंडळ, शाळेचे माजी विद्यार्थी, कुणीही हे करू शकतं. सहा-सात महिने हाताशी ठेवा. पावसाळ्यात व्याख्यानं, दिवाळीनंतर जवळची एक फेरी आणि संक्रांतीनंतर कोकण, हा क्रम आपल्याकडच्या शेतीच्या कामांशी जुळतो. सोयाबीन आणि धान निघालेलं असतं, तूर घरात येत असते, हरभरा-गहू कापायला अजून वेळ असतो. डिसेंबरचा शेवटचा आठवडा मात्र टाळा. तेव्हा अलिबाग-मुरूडला खोल्यांचे भाव दुप्पट होतात आणि होडीच्या रांगेतच दिवस जातो.

गट आणि पैसा

सोळा-सतरा माणसं ठेवा. सतरा आसनांच्या ट्रॅव्हलर गाडीत तेवढीच बसतात, आणि समुद्राच्या वाऱ्यात वाटाड्याचा आवाज त्याहून मोठ्या घोळक्याला ऐकूच जात नाही. चाळीस जणांची बस काढली तर माणशी खर्च थोडा कमी होतो, पण मागचे वीस जण दिवसभर "काय म्हणाले?" एवढंच विचारत राहतात.

तीन कामं तीन माणसांना नावानिशी द्या: तिकिटं व हिशेब, तिथी व वेळापत्रक, नकाशे व वह्या. ही तिन्ही कामं एकाच उत्साही माणसाकडे गेली की ऐन वेळी एखादं राहतंच, आणि बहुतेक वेळा राहतं ते तिथीचं. आजच्या दरात स्लीपरचा प्रवास, तीन रात्रींचा मुक्काम, गाडी, होडी आणि जेवण धरून माणशी पाच हजारांच्या आसपास लागतात. आखाडीपासून महिन्याला सातशे रुपये जमवले तर संक्रांतीपर्यंत रक्कम उभी राहते आणि कुणावर एकदम भार पडत नाही.

पावसाळ्यातली तीन व्याख्यानं

दिवसा निंदण-फवारणी असते, म्हणून वेळ रात्री आठची, जेवणं उरकल्यावर. पाऊण तास बोलणं आणि अर्धा तास प्रश्न. लाईन जाणार हे धरूनच चाला. प्रोजेक्टरच्या भरवशावर बसवलेलं व्याख्यान अंधारात कोसळतं. तालुक्याच्या फ्लेक्सवाल्याकडून सहा बाय चार फुटांचे दोन नकाशे छापून घ्या, एक सुरतेपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्याचा आणि दुसरा विदर्भातल्या नद्यांचा. समाजमंदिराच्या भिंतीला टांगून चार्जिंगच्या दिव्यात ते उत्तम दिसतात, आणि पुढे सहलीलाही गुंडाळून नेता येतात.

पहिलं व्याख्यान नद्या आणि कापसाचं ठेवा. ते गावातल्याच शिक्षकाला जमण्यासारखं आहे. सुरुवात अशी करा: आपल्या गावाच्या नाल्यावर बोट ठेवायचं आणि पाण्याबरोबर खाली जायचं. बुलढाणा, अकोला, अमरावतीच्या बऱ्याच भागाचं पाणी पूर्णेत जातं, पूर्णा चांगदेवला तापीला मिळते आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला. वर्धा, वैनगंगा, पैनगंगेच्या खोऱ्यातलं पाणी प्राणहितेतून गोदावरीत आणि तिथून बंगालच्या उपसागरात जातं. एकाच प्रदेशाचं पाणी दोन समुद्रांत वाटलं गेलं आहे, हे नकाशावर बोट फिरवल्याशिवाय डोक्यात बसत नाही.

त्यावर कापूस ठेवा. रेल्वेआधी वऱ्हाडातला कापूस बैलांच्या पाठीवर लादून बाहेर जायचा, काही मुंबईकडे आणि काही थेट गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत. वाटेत पाऊस, धूळ, चोऱ्या. माल पोचेपर्यंत महिने उलटत. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग नागपूरला पोचला. मधल्या १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानी कापसाकडे वळल्या. खामगाव आणि अमरावतीला मुख्य मार्गापासून फाटे काढले गेले ते कापसाच्या बाजारासाठीच. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर या नॅरोगेज शकुंतला रेल्वेचं कारणही तेच. बंदर कितीही खोल असलं तरी मागच्या मुलखातून माल आला नाही तर ते ओस पडतं. हे पहिल्याच रात्री कळलं की पुढचा सगळा किनारा वेगळा दिसतो.

दुसरं व्याख्यान भरती-ओहोटी, जहाजं आणि जलदुर्गांचं. यासाठी बाहेरचा जाणकार बोलवा. नागपूर विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व हा विभाग आहे, नागपुरातच विदर्भ संशोधन मंडळ आहे. महिनाभर आधी पत्र द्या, येण्याजाण्याचं भाडं आणि मानधन किती देऊ शकतो ते पत्रातच लिहा, आणि परतीची शेवटची एसटी चुकणार असेल तर मुक्कामाची सोय कळवा. "शिवरायांचं आरमार" असा मोघम विषय कधीच देऊ नका. त्यावर दीड तास स्फूर्तिदायक भाषण होतं आणि वहीत लिहिण्यासारखं काही उरत नाही. त्याऐवजी प्रश्न लिहून पाठवा: गुराब आणि गलबत यांत फरक काय? किनाऱ्यालगत उथळ बुडाची जहाजं का चालली आणि त्यांचा तोटा काय? समुद्रातल्या किल्ल्यात गोडं पाणी येतं कुठून? सिद्दीचा जंजिरा कुणालाच का घेता आला नाही? आंग्र्यांचं दस्तक म्हणजे काय आणि इंग्रजांना ते का खुपत होतं? बोलणारा नीट तयारी करून येतो आणि ऐकणाऱ्यालाही काय ऐकायचं ते माहीत असतं.

तिसरं व्याख्यान एकाच जागेचं, चौलचं. त्याबद्दल पुढे येईलच.

जवळची फेरी: आधी घरचं वाचायला शिका

कोकणात जाण्याआधी एक पूर्ण दिवस आपल्याच भागात पायी फिरा. या फेरीत सवयी लागतात: मोजपट्टी काढायची, दिशा बघायची, सांगीव गोष्ट आणि दिसणारी गोष्ट वहीत वेगवेगळ्या पानांवर लिहायची.

पूर्व विदर्भातल्यांनी भंडारा जिल्ह्यातलं पवनी निवडावं. वैनगंगेच्या काठचं हे गाव मातीच्या प्रचंड तटबंदीने आणि खंदकाने वेढलेलं आहे, आणि १९६९-७० च्या उत्खननात इथे बौद्ध स्तूप उघडा झाला. ज्या बाजूला नदी आहे तिकडे आणि जिकडे नाही तिकडे संरक्षणाची व्यवस्था कशी बदलते ते चालत बघा. हाच प्रश्न पुढे कोकणात खाडीच्या काठी पुन्हा विचारायचा आहे. विटा सापडल्या तर जागेवरच लांबी-रुंदी-जाडी मोजा. खापराचा तुकडासुद्धा उचलून पिशवीत टाकायचा नाही. जागा संरक्षित असते, आणि जागेवरून हललेलं खापर अभ्यासकाच्याही कामाचं राहत नाही.

पश्चिम विदर्भातल्यांनी खामगाव, अकोला, अमरावती किंवा हिंगणघाटात जिनिंग-प्रेसिंगची फेरी करावी. हंगामात, म्हणजे दिवाळीनंतर, मालकाची आधी परवानगी घेऊन जा. बिडी-काडी फाटकाबाहेर ठेवा. रुईला आग लागायला ठिणगी पुरते. नाकाला रुमाल बांधा. कापूस ढिगातून जिनात जातो, सरकी वेगळी पडते, रुई प्रेसमध्ये दाबून गाठ बांधली जाते. आजची गाठ १७० किलोंची धरतात. इथे थांबून विचारा की एवढं दाबायचं कशाला? जहाजावर आणि वाघिणीत जागा मोजकी असते. मोकळी रुई म्हणजे हवाच वाहून नेणं, म्हणून प्रेस. मग तिथून जुन्या रेल्वे सायडिंगपर्यंत चालत जा आणि अंतर मोजा. जुना हमाल किंवा मुनीम भेटला तर गाठींवर काय खुणा करत, त्या कुठल्या स्टेशनावर उतरत, हे विचारून घ्या.

नागपूरला जाणं झालंच तर १८६३ पासूनचं मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, पाहून या. सगळी दालनं करू नका. नाणी आणि शिलालेख एवढंच बघा, दोन तास पुरतात.

तिथी आधी, तिकीट नंतर

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे. आपल्याकडच्या गटांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. आपण सुट्टी बघून तारीख ठरवतो, आणि अलिबागला पोचल्यावर कळतं की कुलाबा किल्ल्याकडे चालत जायची वाट भर दुपारी कमरेएवढ्या पाण्याखाली आहे.

समुद्राला दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. एका भरतीपासून दुसरी भरती साधारण बारा तास पंचवीस मिनिटांनी येते, म्हणून रोजची वेळ पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. चंद्रही रोज तितकाच उशिरा उगवतो. यावरून किनाऱ्यावर जुना हिशोब चालतो: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की मुंबई-अलिबागकडच्या पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमाराला भरती. त्यात सहा तास मिळवा किंवा वजा करा, ओहोटी सकाळी नऊच्या आसपास. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांना हाच हिशोब, पौर्णिमा-अमावास्या पंधरा धरायची.

दुसरी गोष्ट पाण्याच्या उंचीची. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, भरती खूप चढते आणि ओहोटीही खूप खाली जाते. अष्टमीच्या आसपास भांग असते, चढ-उतार थोडा. आता दोन्ही एकत्र ठेवून बघा. पौर्णिमेला पाणी सगळ्यात मागे हटतं, पण ओहोटी पहाटे साडेपाच-सहाला आणि संध्याकाळी सहाला, म्हणजे अंधारात. अष्टमीला ओहोटी भर दुपारी बाराला, सोयीची वाटते, पण पाणी पुरतं ओसरतच नाही. मधली तिथी साधते. तृतीया-चतुर्थीला ओहोटी सकाळी आठ ते नऊच्या दरम्यान आणि उधाणाचा जोर अजून टिकलेला. सकाळ जमत नसेल तर द्वादशी-त्रयोदशी, ओहोटी दुपारी तीन ते पावणेचारला.

पंचांगातून तिथी निवडली की अंदाज पक्का करून घ्या. सर्व्हे ऑफ इंडिया दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टकं छापते, आणि हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर समुद्राचा अंदाज आणि उंच लाटांचे इशारे मिळतात. कोष्टकात वेळेबरोबर मीटरमध्ये उंची दिलेली असते. ओहोटीपुढचा आकडा जितका लहान तितकं पाणी कमी. एकाच दिवसाच्या दोन ओहोट्या सारख्या नसतात, तेही तिथेच दिसतं. तिथीचा हिशोब अर्ध्या तासाने चुकू शकतो, म्हणून तारीख ठरवायला तिथी आणि पाण्यात उतरायला कोष्टक, असं धरून चाला. हा हिशोब मालवणला जसाच्या तसा लावू नका. तिथली वेळ वेगळी पडते आणि भरतीची उंचीही मुंबईपेक्षा बरीच कमी असते.

आता तिकिटं. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, एका अर्जावर सहा जण बसतात, म्हणजे सतरा जणांचे तीन अर्ज. तिघांनी एकाच वेळी काढले तर डबे जवळपास मिळतात. विदर्भ एक्सप्रेस गोंदियाहून नागपूर, वर्धा, बडनेरा, अकोला करत रात्रीत मुंबईला नेते, सेवाग्राम एक्सप्रेसही आहे. परतीचं तिकीटही लगेच काढा. परतीचं लांबवलं आणि प्रतीक्षा यादीत अडकलं तर चौथ्या दिवसाचा सगळा आनंद जातो. एसटी वापरणार असाल तर महिलांना अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास आहे, आधारकार्ड बरोबर ठेवा. पूर्ण बस हवी असेल तर आगारात जाऊन प्रासंगिक करार विचारायचा. शाळेच्या सहलीचे दर वेगळे असतात.

चार दिवसांचा आराखडा

पहिल्या सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरा आणि घाई न करता इमारत बाहेरून बघा. १८८८ ची ही इमारत त्याच रेल्वेचं मुख्यालय होती जिने वऱ्हाडचा कापूस बंदरावर आणला. नाश्ता करून गेट वे ऑफ इंडियाकडे जा. वाटेत उलटं कुलाब्याला जायचा वेळ असेल तर ससून डॉक बघा. १८७५ मध्ये उघडलेली ही गोदी कापसाच्या व्यापारातल्या डेव्हिड ससून घराण्यातल्या अल्बर्ट ससून यांनी बांधवली. आज तिथे मासळीचा लिलाव चालतो. लिलाव पहाटेचा असतो, टोपल्या घेऊन पळणाऱ्या बायका वाट मोकळी करायला थांबत नाहीत, म्हणून कडेला उभं राहा आणि विचारल्याशिवाय कुणाच्या तोंडावर मोबाईल धरू नका.

गेट वेहून मांडव्याची लाँच घ्या, तासाभराचा प्रवास. पुढे अलिबागपर्यंतची बस बऱ्याच लाँचच्या तिकिटातच असते, तिकीट काढताना विचारा. पावसाळ्यात ही सेवा बंद असते. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोटही जाते.

दुपारी अलिबाग: कान्होजी आंग्र्यांची समाधी, हिराकोट आणि जमलं तर चुंबकीय वेधशाळेचा परिसर बाहेरून. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय नोंदी बिघडतील, या कारणाने ती तिथल्या कुलाब्याहून १९०४ मध्ये इथे हलवली गेली. संध्याकाळी नवगाव आणि थळ. नवगावला बेने इस्राएली लोकांची जुनी दफनभूमी आहे. जहाज फुटून त्यांचे पूर्वज इथे किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. ते तेलघाणी चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. घरची भाषा मराठी. जागा स्मशानाची आहे याचं भान ठेवून आत जा. थळच्या किनाऱ्यावरून खांदेरी आणि उंदेरी दिसतात. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर बांधकाम सुरू केलं आणि लगेच सिद्दीने उंदेरीवर बस्तान बसवलं. दोन बेटं किती जवळ आहेत ते डोळ्यांनी पाहिलं की त्या लढाईची चुरस समजते.

दुसऱ्या सकाळी कुलाबा किल्ला, दुपारनंतर चौल-रेवदंडा. तिसऱ्या दिवशी कोर्लई आणि मुरूड-जंजिरा. चौथ्या दिवशी मुंबईत परत आणि संध्याकाळची गाडी.

कुलाबा किल्ला: तीन तासांचं पान

ओहोटीच्या नेमक्या वेळेच्या दीड तास आधी किनाऱ्यावरून निघा. त्या वेळी घोट्याएवढं पाणी असेल तर हरकत नाही, पाणी मागे जातंच आहे. वीस-पंचवीस मिनिटांत दरवाजाशी पोचता. ओहोटीच्या वेळेनंतर पाऊण तासात परतीला लागायचं. अगदी ओहोटीच्याच वेळी निघालेला गट आत रमतो आणि परत येताना त्याला गुडघ्यापर्यंत पाणी लागतं, खालचे खडक दिसत नाहीत आणि म्हाताऱ्या माणसांची तारांबळ उडते. परतीची वेळ मोठ्या अक्षरात लिहून वाटाड्याला आणि गटातल्या दोघांना द्या. शंका वाटली तर किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्यांना विचारा, त्यांचं रोजचं पोट त्या पाण्यावर आहे.

चप्पल नको, मागे पट्टा असलेली सॅन्डल घाला. खडकांवर शेवाळ असतं आणि कालवांच्या कडा सुरीसारख्या लागतात. अनवाणी चालू नका.

दरवाजात पोचलात की लगेच आत घुसू नका. तटाच्या पायथ्याशी जा आणि दगडांच्या सांध्यावर बोट ठेवा. मोठमोठे दगड चुन्याशिवाय नुसते एकमेकांवर रचलेले दिसतील. आदळलेलं पाणी फटींतून आत शिरतं आणि निथळून जातं, त्यामुळे लाटेचा मार एका जागी साठत नाही. सांध्याची रुंदी बोटांनी मोजा, समुद्राच्या आणि जमिनीच्या बाजूला ती वेगळी आहे का ते बघा. मग आतल्या मंदिराच्या भिंतीशी तुलना करा.

आत गोड्या पाण्याची पुष्करणी आहे, आंग्र्यांच्या काळातलं सिद्धिविनायकाचं मंदिर आहे. उत्तरेकडच्या तटावर चाकांच्या गाड्यावर दोन तोफा आहेत. इथे दहा मिनिटं खर्च करा. प्रत्येकाने तोफेच्या अंगावरची अक्षरं आधी स्वतः वाचायची. इंग्लंडच्या यॉर्कशायरमधल्या लो मूर कारखान्याचं नाव त्यावर ओतलेलं आहे. तो कारखाना १७९१ मध्ये सुरू झाला आणि कान्होजी १७२९ मध्ये वारले. म्हणजे "ही कान्होजींची तोफ" असं कुणी सांगितलं तर ते टिकत नाही. तोफ नंतरची आहे, आणि इतका काळ हा किल्ला वापरात राहिला हे तीच सांगते. किल्ल्यावरची प्रत्येक वस्तू एकाच काळातली नसते, हा धडा इथे हातांनी शिकता येतो.

चौल-रेवदंडा

अलिबागहून साधारण सतरा किलोमीटर. कुंडलिकेच्या मुखाजवळचं हे बंदर जवळजवळ दोन हजार वर्षं नांदतं होतं. कान्हेरीच्या लेखांत चेमूल हे नाव येतं, पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशांच्या मार्गदर्शिकेत ते आहे, दहाव्या शतकात अरब प्रवासी अल-मसूदी इथे येऊन गेला. १५०८ मध्ये इथल्या पाण्यात पोर्तुगीजांचा पराभव झाला, पुढे त्यांनीच रेवदंड्याचा कोट बांधला, आणि वसईच्या पाठोपाठ १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला.

इतक्या मोठ्या बंदरात आज बघायला काय, तर नारळी-पोफळीच्या वाड्या आणि मधूनमधून तट. नवखा माणूस इथे निराश होतो. म्हणून गावातलं तिसरं व्याख्यान नुसतं चौलवर ठेवा. कोटाचा परीघ चालत पूर्ण करा, समुद्राकडचा आणि खाडीकडचा तट कुठे संपतो ते नकाशावर खूण करा. सातखणी म्हणून दाखवतात तो मनोरा टेहळणीचा वाटतो, पण मुळात तो चर्चचा भाग आहे. रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात अफनासी निकितीनचं स्मारक आहे. रशियातल्या त्वेरचा हा व्यापारी १४६९ च्या सुमाराला एक घोडा विकायला घेऊन चौलला उतरला, जुन्नरला तिथल्या खानाने तो घोडाच काढून घेतला. समुद्रावरून घोडे येत आणि घाटावर विकले जात, हा केवढा मोठा धंदा होता ते या एका घोड्यावरून कळतं. शेवटी खाडीच्या काठी उभं राहून गाळ बघा. खाडी उथळ झाली, मुंबई वाढली, चौल मागे पडलं.

खाडीपलीकडे कोर्लईचा किल्ला लांबट डोंगरावर आहे. पायथ्याच्या कोर्लई गावात आजही पोर्तुगीजातून घडलेली बोली बोलतात. गावातल्या माणसाशी आधी मराठीत दोन शब्द बोला, मग विचारा. मांजर बोलवावं तसं "बोलून दाखवा" म्हणू नका.

जंजिऱ्याला राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होड्या जातात. होडीवाला आत पाऊण तासच देतो, तेवढ्यात सगळं बघायला धावू नका. दरवाजा, गोड्या पाण्याचा तलाव आणि कलालबांगडी तोफेची जागा एवढं पुरे. पूर्ण होडी केलीत तर जास्त वेळ आधीच ठरवून घ्या. दरवाजाशी होडी लाटेबरोबर खालीवर होते. होडी वर आली की पाय टाकायचा, खाली जाताना नाही, आणि आधी दोन तरुण उतरून इतरांना हात द्यायचा. लाइफ जॅकेट मागून घ्या.

वाटाड्या निवडताना

फोनवर तीन प्रश्न विचारा: परवा ओहोटी किती वाजता? तटात चुना आहे की नाही? किल्ला मराठ्यांच्या आधी कुणाचा होता? पहिल्याचं उत्तर चटकन आलं तर माणूस किनाऱ्याचा आहे. भुयारांच्या आणि खजिन्याच्या गोष्टी प्रत्येक किल्ल्यावर ऐकायला मिळतील. त्या वहीत लिहा, पण सांगीव गोष्टींच्या पानावर. विजयदुर्गावर साहेबाचे ओटे दाखवतात आणि १८६८ च्या ग्रहणात लॉकयर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने इथून हेलियम शोधला असं सांगतात. लॉकयर यांनी ती नोंद त्याच वर्षी २० ऑक्टोबरला इंग्लंडमध्ये बसून केली होती; ऑगस्टमधलं ग्रहण फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी आंध्रातल्या गुंटूरहून पाहिलं. ओटे खरे आहेत, त्यांना जोडलेलं नाव तपासावं लागतं. मुंबईतली मेरिटाइम हिस्टरी सोसायटी १९७८ पासून सागरी इतिहासावर काम करते, तिच्या व्याख्यानांची माहिती काढून ठेवली तर अशा शंका विचारायला जाणकार मिळतात.

शरीराची काळजी

पंचेचाळीस अंशांचं ऊन सोसणारा माणूसही कोकणात बत्तीस अंशांवर गळून जातो. आपल्याकडे घाम वाळतो, तिथे वाळत नाही, आणि मीठ निघून जातं. ओआरएसची पाकिटं माणशी चार, बाटली लिटरची. लाँचमध्ये मळमळतं त्यांनी उपाशी बसू नये, मधल्या बाकावर बसून दूर क्षितिजाकडे बघावं. सगळ्यांनाच मासळी चालत नाही. शाकाहारी जेवण हवं तर आदल्या दिवशी खानावळीत सांगा, आणि पहिल्या दिवसासाठी दशम्या, ठेचा, चिवडा घरून न्या. मोबाईल आणि वह्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत.

परतल्यावर

पंधरा दिवसांच्या आत सगळे एकदा बसा. फोटोंवर जागा, दिशा, तारीख लिहा. महिनाभराने कुठला तट कुठला हे कुणालाच आठवत नाही. सांगीव आणि दिसलेलं यांची दोन पानं समोरासमोर ठेवून वाचा आणि जे जुळत नाही त्याची यादी करा. ती यादी पुढच्या पावसाळ्यातल्या व्याख्यात्याला पाठवायची.

दुसऱ्या वर्षी मालवण-विजयदुर्ग करा. सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग हे दोन्ही किल्ले जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले आहेत. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मुहूर्त झालेल्या सिंधुदुर्गात दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आजही दाखवतात. नागपूर-मडगाव ही विशेष गाडी बडनेरा, अकोल्यावरून कुडाळला थांबत जाते, पण ती ठराविक मुदतीपुरती वाढवली जाते. म्हणून तारीख ठरवण्याआधी ती त्या महिन्यात धावणार आहे का ते स्टेशनावर विचारा. कुडाळहून मालवण तीसेक किलोमीटर. किल्ल्याच्या होड्या पावसाळ्यात बंद असतात, आणि वारा जोरात असेल तर हंगामातही एखादा दिवस थांबतात, म्हणून मालवणला एक जादा मुक्काम धरूनच परतीचं तिकीट काढा.